कच्च्या लायसनच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर तिसऱ्यांदा बसताना

प्रश्न असा आहे: "मी वाई तालुक्यात अंगणवाडीचं काम करते, वय ४६. विना गिअर स्कूटरसाठी शिकाऊ परवान्याचा अर्ज केला आणि घरीच, मुलाच्या मोबाइलवर परीक्षा दिली. पहिल्यांदा १५ पैकी ७ बरोबर आली, दुसऱ्यांदा ८. ओळखीचा एजंट म्हणतो की तिसऱ्यांदा नापास झालात तर साठ दिवस बसता येत नाही, त्यापेक्षा पैसे द्या, परीक्षा आम्हीच देतो. इतकी वर्षं रस्ता बघतेय, तरी उत्तरं का चुकतात? आणि आता काय करू?"

ताई, आधी त्या साठ दिवसांबद्दल. तो नियम खरा आहे, पण तुमच्या परीक्षेचा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये तो येतो, आणि तिथे विषय आहे पक्क्या लायसनचा, म्हणजे निरीक्षकासमोर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायच्या चाचणीचा. त्या चाचणीत नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झालं तर शेवटच्या चाचणीपासून साठ दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मधल्या काळात उजळणीचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. तुम्ही देताय ती कच्च्या लायसनची, स्क्रीनवरची परीक्षा. नापास झालात की पुनर्परीक्षेची फी भरायची आणि पुन्हा बसायचं. ही फी केंद्रीय नियमांत ५० रुपये आहे. नवा अर्ज करायचा नाही, कागदपत्रं पुन्हा चढवायची नाहीत. सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी संकेतस्थळावर, तोच अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की फी भरण्याची आणि परीक्षेची पायरी समोर येते. म्हणजे ५० रुपयांत होणाऱ्या कामासाठी तुमच्याकडे पैसे मागितले जाताहेत, तेही अर्धवट नियम सांगून.

"परीक्षा आम्ही देतो" याला मात्र स्वच्छ नाही म्हणा. पैशाचा मुद्दा लहान आहे. कलम १९ नुसार फसवणूक करून किंवा खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन प्राधिकरण रद्द करू शकतं, आणि माणसाला लायसन बाळगायलाच अपात्र ठरवू शकतं. उद्या तुमच्या स्कूटरचा कुठे अपघात झाला, प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, विमा कंपनीने लायसनची चौकशी केली, तर त्या दिवशी एजंट तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. शिवाय घरून परीक्षा देताना कॅमेरा चालू असतो. समोर तुम्हीच बसलेल्या दिसायला हव्यात.

आता तुमचा खरा प्रश्न: उत्तरं का चुकतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ११ प्रमाणे किमान ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. आपल्याकडे १५ प्रश्न असतात, म्हणजे ९ बरोबर हवीत. तुम्ही एकदा दोन गुणांनी राहिलात, एकदा एका गुणाने. याचा अर्थ तुम्हाला सगळं नव्याने शिकायची गरज नाही. कुठले सात-आठ प्रश्न सुटले ते शोधायचं आहे, आणि मी शिकवतो त्या अनुभवावरून सांगतो, चाळिशीच्या पुढची माणसं जवळजवळ ठरलेल्या जागीच चुकतात. अठरा वर्षांच्या मुलाला रस्ता फारसा ठाऊक नसतो, त्यामुळे तो पुस्तकातलं उत्तर पाठ करतो आणि पास होतो. तुमच्यासारख्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं एसटीच्या खिडकीतून, पायी, कुणाच्या तरी मागे बसून रस्ता पाहिलेला असतो. प्रश्न आला की डोळ्यांसमोर तो रस्ता येतो, आणि रस्त्यावर जे चालतं ते उत्तर म्हणून दिलं जातं. परीक्षा विचारते नियम. तुम्ही सांगता रिवाज. या दोन्हीत आपल्याकडे फार अंतर पडलेलं आहे, आणि तुमचे गुण त्या अंतरात जातात.

उदाहरणं देतो, स्वतःला तपासून बघा. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने कुठल्या बाजूने चालावं? आपण सगळे डावीकडून चालतो, म्हणून बहुतेक जण डावी बाजू निवडतात. बरोबर उत्तर उजवी बाजू, कारण उजवीकडून चालताना समोरून येणारी गाडी दिसते, पाठीमागून येऊन धडकत नाही. तुम्ही गरोदर बायकांना, लहान मुलांना घेऊन वस्तीवर जात असाल तर हा नियम लायसन मिळायच्या आधीपासूनच तुमच्या कामाचा आहे. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आधी कुणी जायचं? आपल्याकडे जो मोठा तो आधी जातो. नियमाने चढणारी गाडी आधी जाते, उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं आणि ती मागे घसरायचा धोका असतो. पसरणी घाटात वळणावर ट्रक आणि जीप अडकलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. तिथे नियम कुणी पाळायला हवा होता ते आठवा, हा प्रश्न पुन्हा चुकणार नाही. गोल चौकात कुणाला आधी जाऊ द्यायचं? जो आधीच चौकात शिरलाय त्याला. समोर अरुंद पूल आहे आणि पलीकडून गाडी पुलावर चढायच्या बेतात आहे, तर? आपण थांबायचं, ती पार झाली की निघायचं. दिवे मारून घुसायचं नाही.

झेब्रा पट्ट्यांजवळ कुणी ओलांडायला उभं असेल तर "हॉर्न वाजवून पुढे जावे" हा पर्याय मुद्दाम दिलेला असतो आणि खूप जण तो निवडतात. उत्तर थांबणं हेच आहे. एकेरी मार्गावर काय करू नये? गाडी उलटी, मागे घेऊ नये. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यासारख्या एकाच दिशेच्या वाटेवर कुणी रिव्हर्स घेतला तर मागच्यांचं काय होईल, याचा विचार केला की पाठांतर लागत नाही. पिवळा दिवा लागला की वेग वाढवायचा नाही, थांबायचं. थांबण्याच्या रेषेच्या इतकं जवळ आलो असू की ब्रेक मारणंच धोक्याचं ठरेल, तेवढीच सूट. पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर वेग कमी करून सावधपणे पुढे जायचं. लाल दिवा उघडझाप करत असेल तर पूर्ण थांबायचं आणि मोकळं असल्याची खात्री करून निघायचं. दिवा नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, आणि दोन्ही रस्ते सारखे असतील तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाडीचा प्रश्न सहसा कुणी चुकत नाही. तरी एक सांगून ठेवतो, २०१९ नंतर त्यांची वाट अडवण्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

या प्रकारचे प्रश्न सोडवताना एक सवय लावून घ्या. पर्याय वाचताना "लोक काय करतात" हे मनातून बाजूला ठेवायचं आणि "इथे कुणाला इजा होऊ शकते, कुणाला थांबणं अवघड आहे" एवढंच विचारायचं. वाट देण्याचे जवळपास सगळे नियम या दोन प्रश्नांतून निघतात. नियम पाठ करणारा माणूस वाक्यरचना बदलली की गडबडतो. कारण समजलेला गडबडत नाही.

आता चिन्हं. परीक्षेतला मोठा वाटा यांचाच असतो, आणि दोनदा थोडक्यात राहिलेल्या माणसाला सगळ्यात लवकर गुण इथेच मिळतात. लोक चिन्हांचा तक्ता वरून खाली पाठ करत बसतात. शंभराच्या आसपास चित्रं अशी लक्षात राहत नाहीत. आधी आकार आणि रंग बघायचा, आतलं चित्र नंतर.

लाल कडेचा त्रिकोण, टोक वर: पुढे काहीतरी आहे, सावध व्हा. तो काही मनाई करत नाही, फक्त सांगतो. लाल कडेचं वर्तुळ: हे करू नका, किंवा ही मर्यादा ओलांडू नका. निळं भरीव वर्तुळ, आत पांढरं चित्र: हेच करा, दुसरं चालणार नाही. निळा चौकोन किंवा आयत: माहिती, म्हणजे दवाखाना, पेट्रोल पंप, जेवणाची सोय, वाहनतळ. या चौकटीबाहेरची दोनच लक्षात ठेवायची: लाल अष्टकोन म्हणजे "थांबा", आणि उलटा त्रिकोण, टोक खाली, म्हणजे "वाट द्या". त्यांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण धुळीने माखले किंवा मागच्या बाजूने दिसले तरी आकारावरून ओळखू यावेत.

एवढं डोक्यात बसलं की प्रश्नातले निम्मे पर्याय आपोआप गळतात. समजा, त्रिकोणात पायी चालणाऱ्या माणसाचं चित्र आहे आणि एक पर्याय "पादचाऱ्यांना मनाई" असा आहे. त्रिकोण मनाई करतच नाही, तो पर्याय गेला. तेच चित्र लाल वर्तुळात तिरप्या रेषेसह आलं तर मनाई. निळ्या पाटीवर आलं तर रस्ता ओलांडायची जागा इथे आहे, ही माहिती. चित्र एकच, अर्थ तीन, आणि फरक फक्त चौकटीचा.

मग राहतात सारखी दिसणारी जोडपी. एका कागदावर ही स्वतः हाताने काढा. छापील तक्ता बघण्यापेक्षा हाताने काढलेलं जास्त टिकतं, हे मी माझ्या वर्गात वारंवार पाहिलंय.

गाडी उभी करण्यास मनाई आणि थांबण्यास मनाई: दोन्ही निळ्या गोलावर लाल कडेची. एक तिरपी लाल रेषा असेल तर उभी करून ठेवायची नाही, पण माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेषांची फुली असेल तर तेवढंही थांबायचं नाही. प्रवेश बंद आणि सर्व वाहनांना मनाई: पहिलं पूर्ण लाल, मध्ये आडवी पांढरी पट्टी, दुसरं आतून रिकामं पांढरं, फक्त लाल कड. हॉर्न वाजवण्यास मनाई लाल कडेच्या गोलात तिरप्या रेषेसह येतं, हॉर्न वाजवणं सक्तीचं असेल तर निळ्या गोलात, घाटातल्या आंधळ्या वळणांवर असतं तसं. डावीकडे वळण्यास मनाई आणि सक्तीने डावीकडे वळा यांचीही गोष्ट तीच: बाण सारखा, रंग वेगळा.

अरुंद पूल आणि अरुंद रस्ता यात फार जण फसतात. पुलाच्या चिन्हात दोन रेषा मध्ये जवळ येऊन पुन्हा बाहेर फाकतात, कारण पूल संपला की रस्ता रुंद होतो. रस्त्याच्या चिन्हात रेषा जवळ येतात आणि तशाच पुढे जातात. साधं उजवं वळण, उजवं केसपिन वळण आणि नागमोडी वळण ही तीनही बाणांची चिन्हं: साध्या वळणात बाण एकदाच वळतो, केसपिनमध्ये जवळजवळ उलटा फिरून परत येतो, नागमोडीत एकदा इकडे, एकदा तिकडे. पाचगणीला जाताना खिडकीतून बघत जा, एका घाटात ही सगळी सापडतात.

रेल्वेचं जोडपंही असंच. फाटकाचं, कुंपणासारखं चित्र असेल तर पुढे रखवालदार असलेलं फाटक. इंजिनाचं चित्र असेल तर विना रखवालदाराचं. ब्रॉडगेज मार्गांवरची विना रखवालदाराची फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली किंवा बदलली, त्यामुळे तरुण मुलं विचारतात की हे आता कशाला शिकायचं. शिकायचं, कारण नियम ११ मध्ये परीक्षेचे जे विषय लिहिलेत त्यात हा स्वतंत्रपणे नमूद आहे, म्हणून प्रश्न येतोच. उत्तर कलम १३१ मध्ये आहे: गाडी थांबवायची, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी रेल्वेगाडी किंवा ट्रॉली येत नाही हे पाहायचं, आणि सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून बघायचं. "हॉर्न वाजवून वेगाने ओलांडावे" हा पर्याय तिथे असतो. त्याला हात लावू नका.

हाताच्या इशाऱ्यांवर एखादा प्रश्न येतो. सगळे इशारे उजव्या हाताचेच, कारण आपल्याकडे चालक गाडीत उजवीकडे बसतो. हात आडवा, तळवा पुढे: उजवीकडे वळतोय. हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवणं: डावीकडे वळतोय. तळवा खाली करून हात वर-खाली: वेग कमी करतोय. हात कोपरातून उभा: थांबतोय. हात मागून पुढे अर्धगोलात हलवणं: मागच्याने पुढे जावं.

काही उत्तरं आकड्यांची असतात, ती सरळ पाठच करा. कच्च्या लायसनची मुदत सहा महिने. ते मिळाल्यावर पक्क्याच्या चाचणीसाठी किमान ३० दिवस थांबायचं. वयाची अट १८. पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतच्या विना गिअर दुचाकीसाठी १६. प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या गाडीसाठी २०. हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही. रक्तात १०० मिलीलीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. दुचाकीवर चालकासह दोघंच. जवळ ठेवायची कागदपत्रं: लायसन, नोंदणी पुस्तक, विमा, पीयूसी, आणि वाहतुकीच्या गाडीला यात परमिट आणि फिटनेस वाढतात. डिजिलॉकरमधली प्रत चालते.

अपघाताचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतोय, कारण इथे चुकीचं उत्तर भीतीपोटी दिलं जातं. पर्यायांत "पोलीस ठाण्यात जाऊन प्रथम तक्रार द्यावी", "गाडी तिथेच सोडून निघून जावे" असं काहीतरी असतं, आणि "जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी व २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावे" असं असतं. कलम १३४ हेच शेवटचं सांगतं. आधी जखमी माणूस, मग पोलीस, मग विमा कंपनी. जमाव अंगावर येत असेल तर चालकाला तिथून बाजूला होण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, पण पोलिसांना कळवण्यातून सुटका नाही. याच कलमात डॉक्टरांवरही बंधन आहे की कागदोपत्री सोपस्कारांची वाट न पाहता जखमीवर तातडीने उपचार सुरू करायचे. आणि २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४ अ मुळे, वाटेत थांबून चांगल्या भावनेने मदत करणाऱ्या माणसावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. गावोगावी फिरणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणं फार गरजेचं आहे. तुमच्या मदतनीस बाईंना, आशाताईंनाही सांगा.

आता सरावाचं. सारथी पोर्टलवरच कच्च्या लायसनची सराव परीक्षा आहे, फुकट आहे. इतर अ‍ॅप आणि व्हिडिओंमध्ये दुसऱ्या राज्यांचे, जुने, कधीकधी चुकीच्या उत्तरांचे प्रश्न असतात, म्हणून मी पोर्टलच्या सरावावरच भर द्यायला सांगतो. रोज संध्याकाळी एक-दोन सराव परीक्षा द्या. चुकलेला प्रश्न वहीत लिहा, पण बरोबर उत्तर नुसतं लिहू नका. त्यापुढे "का" ते एका ओळीत लिहा. चार-पाच दिवसांत तुमच्या लक्षात येईल की चुका दोन-तीन गटांतच होताहेत. तो गट पक्का करा आणि लागोपाठच्या सराव परीक्षांत १५ पैकी १२-१३ बरोबर यायला लागली की मगच ५० रुपये भरा. पोर्टल लवकर बसू देतं म्हणून दुसऱ्याच दिवशी बसायची घाई करू नका. ७ वरून ८ वर गेलेल्या माणसाची दुसरी परीक्षा बहुधा अशाच घाईत झालेली असते.

भाषा मराठीच निवडा, पण तिथलं मराठी छापील वळणाचं असतं याची तयारी ठेवा. लायसनला अनुज्ञप्ती, पायी चालणाऱ्याला पादचारी, ओव्हरटेकला ओलांडून पुढे जाणे, डिव्हायडरला दुभाजक. प्रत्येक प्रश्नाला मोजकेच सेकंद असतात, आणि अनोळखी शब्दावर नजर अडकली की वेळ तिथेच संपतो. सरावात असे शब्द भेटतील ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा.

परीक्षा मोबाइलवर देऊ नका. हा माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला आहे. सहा इंची स्क्रीनवर केसपिन वळण आणि साधं वळण यातला फरक चाळिशीच्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि तुमच्या काही चुका ज्ञानाच्या नसून नजरेच्या असतील असा माझा अंदाज आहे. लॅपटॉप किंवा संगणक मिळवा, शाळेतला, ग्रामपंचायतीतला, नातेवाइकांकडचा. कॅमेरा चालतो ना ते आधी बघा. चश्मा लावा. तोंडावर उजेड येईल असं बसा, पाठीमागे खिडकी नको. रेंज आणि वीज यांचा भरवसा असेल अशी वेळ निवडा. आपल्याकडे संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. परीक्षेआधीचा सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघा, तो सरकवून टाकू नका. खोलीत मुलगा असेल तर त्याला बाहेर पाठवा, नाहीतर तो उत्तर सुचवणार, तुम्ही वळून बघणार, आणि कॅमेऱ्यात ते दिसणार.

प्रश्न समोर आला की चिन्ह असेल तर आधी आकार, मग रंग, मग चित्र. वाक्य असेल तर पूर्ण वाचा, विशेषतः शेवटचा शब्द, कारण "करावे" आणि "करू नये" यावर उत्तर उलटतं. दोन पर्यायांत घोटाळा असेल तर जास्त सावध, जास्त थांबणारा पर्याय निवडा; या प्रश्नपेढीत तो सहसा बरोबर असतो. काहीच सुचलं नाही तरी उत्तर रिकामं सोडू नका, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. आणि एखादा प्रश्न चुकला असं वाटलं तर त्याच्यावर रेंगाळू नका. सहा चुकले तरी तुम्ही पास आहात.

ज्यांनी आधारशिवाय अर्ज केलाय त्यांना हीच परीक्षा आरटीओच्या कार्यालयातल्या संगणकावर द्यावी लागते, वेळ घेऊन. प्रश्नांचं स्वरूप तेच.

पास झालात की लायसनची पीडीएफ येईल. ती उघडून नाव, जन्मतारीख, पत्ता आणि वाहनाचा वर्ग तपासा. चूक असेल तर पक्कं लायसन छापायच्या आधी दुरुस्त करून घेणं सोपं जातं. स्कूटरला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल इंग्रजी "एल" लावा. कच्च्या लायसनवर मागे शिकवणारा, स्वतःचं लायसन असलेला माणूस सोडून कुणालाही बसवता येत नाही, म्हणजे त्या काळात मदतनीस बाईंना किंवा लेकराला मागे घेऊन वस्तीवर जायचं नाही. सराव शाळेच्या मैदानावर सुरू करा. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेल तर अंधार पडल्यावर मुख्य रस्त्यावर जाऊ नका. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, आणि नव्या चालकाला त्यांचा अंदाज येत नाही. पक्क्या चाचणीची वेळ पोर्टलवर तिसाव्या दिवसाच्या पुढची, पण चौथा महिना उलटायच्या आत घेऊन ठेवा. सहा महिने जवळ आले की तारखा मिळत नाहीत, आणि मुदत संपली तर कच्च्या लायसनसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.